भावाच्या फोनमध्ये वेगळं का दिसतं?

"मी मानेवाडा भागात राहते. माझ्या भावाची काटोलजवळ संत्र्याची साडेचारशे झाडं आहेत, आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांचं पीक) धरलेला आहे आणि यंदा फळं खूप गळून राहिली आहेत. तान्ह्या पोळ्याला तो आमच्याकडे आला, तेव्हा आम्ही शेजारी बसून आपापल्या फोनमध्ये 'संत्रा फळगळ उपाय' असं टाकलं. माझ्या फोनमध्ये वरच विद्यापीठाची माहिती आणि एका वर्तमानपत्राचा लेख आला. त्याच्या फोनमध्ये आधी दोन जाहिराती, मग व्हिडिओंची रांग, आणि सगळीकडे एकाच टॉनिकचं नाव. तो म्हणाला, 'तुह्या फोनात वेगळं काहून दाखवते? माहा फोन खराब झाला का?' माझी मुलगी म्हणाली, इन्कॉग्निटोमध्ये पाहा, तिथे खरं दिसतं. तिथेही दोघांचं सारखं आलं नाही. आता कोणाचा फोन खरा मानायचा? आणि भावाने फवारणीचं कशावरून ठरवायचं?"

— एक वाचक, नागपूर

ताई,

तुमच्या भावाचा फोन खराब झालेला नाही, आणि तुमचा फोन त्याच्यापेक्षा जास्त खरा आहे असंही नाही. समोरच्याला काय हवं असेल याचा दोन्ही फोननी आपापला अंदाज बांधला. तो अंदाज कशावर बांधला जातो आणि त्यातलं तुमच्या हातात काय आहे ते सविस्तर सांगतो. पण आधी घाईचं: या शोधाच्या भरवशावर ते टॉनिक अजून विकत घेऊ नका. आंबिया बहाराची फळं ऑगस्ट-सप्टेंबरात गळतात ती एकाच कारणाने नाही, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. 'फळगळ उपाय' या शब्दांत ते कारण कुठेच नव्हतं. अपुऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही फोन देत होते.

आता पडद्यावर नेमकं काय होतं ते सुटं करून पाहू. फोनवर शोध घेतला की पहिल्या पडद्यात दिसतं ते सगळं एका जातीचं नसतं. 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं त्या जाहिराती. ती जागा पैसे मोजून घेतलेली असते. त्याखाली कधी एआयने तयार केलेला सारांश येतो, कधी एखाद्या पानातून उचललेला चौकटीतला उतारा, कधी व्हिडिओंची पट्टी. साध्या लिंकची यादी त्यानंतर. तुमच्या पत्रावरून दिसतं की तुम्ही तुमच्या फोनमधल्या लिंक आणि भावाच्या फोनमधल्या जाहिराती-व्हिडिओ यांची तुलना केली. भावाने आणखी दोन-तीन पडदे वर सरकवून पाहायला हवं होतं. विद्यापीठाचं पान त्याच्याही यादीत खाली असण्याची बरीच शक्यता आहे. माणसागणिक जास्त बदलतात त्या जाहिराती आणि आपोआप समोर येणारे व्हिडिओ. लिंकची यादी त्या मानाने कमी बदलते.

जाहिरातींचं गणित सरळ आहे. आपली जाहिरात कोणत्या परिसरात दिसावी हे जाहिरातदाराला निवडता येतं. संत्र्याचं टॉनिक विकणारा काटोल-नरखेड-वरूड हा पट्टा निवडेल. मानेवाड्यावर कशाला पैसे घालवेल? शिवाय त्या परिसरात नेहमी राहणाऱ्या माणसालाही ती दाखवायची सोय असते. म्हणजे भाऊ त्या दिवशी तुमच्या बैठकीत बसला होता, तरी त्याचा फोन काटोलचा म्हणून धरला जाऊ शकतो. जाहिरातीशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवलं की 'माय ॲड सेंटर' उघडतं. ही जाहिरात तुम्हाला का दिसते आहे ते तिथे लिहिलेलं असतं, आणि तो जाहिरातदार तिथूनच बंदही करता येतो. भावाला हे एकदा करून दाखवा. आपल्याला हे का दिसलं, हे त्याने स्वतः वाचलं की पुढचं समजावणं सोपं जाईल.

लिंकच्या यादीत फरक पाडणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे ठिकाण. नागपूरकराने 'मेयो' असं टाकलं तर त्याला इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय हवं असतं. बाकी जगाला मेयो म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं मेयो क्लिनिक. 'मेडिकल' म्हटलं की आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर दुसऱ्या शहरात कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान. रात्री बारा वाजता रुग्णाला गाडीत घालून निघालेल्या माणसासाठी फोनने ठिकाण ओळखणं हा मोठा आधार आहे. तेव्हा ही सोय मुळातच वाईट, असं मानू नका.

पण ठिकाण ओळखण्यात चुका होतात, आणि तुमच्या घरात बहुधा तीच झाली. तुमचा फोन घरच्या वायफायवर असेल, भावाचा मोबाइल डेटावर. वायफायचा आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखणारा क्रमांक) साधारणपणे तुमच्या शहराचा निघतो. मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून येणारा पत्ता मात्र भलत्याच शहराचा दिसू शकतो. हे तपासायला निकालाच्या पानाच्या अगदी तळाशी जा. तिथे एका गावाचं नाव असतं आणि ते कुठून कळलं तेही असतं: आयपी पत्त्यावरून, फोनवरून, किंवा तुमच्या आधीच्या वापरावरून. एकाच सोफ्यावर बसलेल्या दोघांच्या फोनमध्ये तिथे दोन वेगळी गावं निघाली, तर अर्धा उलगडा तिथेच झाला म्हणून समजा. ठिकाण चुकीचं असेल तर तिथेच ते अद्ययावत करायचा पर्याय असतो.

दुसरी गोष्ट मराठीत शोधणाऱ्यांना फार नडते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. 'फळगळ' आणि 'फळ गळ' हे तुम्हाला-आम्हाला एकच. सर्च इंजिनला ते एकच वाटतील याची खात्री नाही. संत्रा, संत्री, संत्रं, मोसंबीसोबत जोडून लिहिलेलं संत्रा-मोसंबी, प्रत्येकाची यादी थोडी थोडी वेगळी येते. कुणी मराठीच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितो, मग मराठी आणि हिंदी पानांची सरमिसळ होते. त्यात मध्य प्रदेश-राजस्थानातल्या संत्र्याचे आणि पंजाबातल्या किन्नूचे व्हिडिओही येतात. माइकवर बोलून शोधणाऱ्याचा फोन हिंदीवर लावलेला असेल, तर 'फळगळ'चं काहीतरी भलतंच लिहून मोकळा होतो. त्या दिवशी तुम्ही दोघांनी अक्षर न अक्षर सारखं लिहिलं होतं का, हे पत्रातून कळत नाही. तेही तपासायला हवं.

तिसरी गोष्ट जुना इतिहास. लोकांना वाटतं सगळा खेळ याचाच आहे. गूगलने ४ डिसेंबर २००९ पासून खात्यात लॉग-इन नसलेल्यांचेही निकाल त्यांच्या आधीच्या शोधांप्रमाणे लावायला सुरुवात केली. ब्राउझरमधल्या कुकीच्या, म्हणजे वेबसाइटने तिथे ठेवलेल्या छोट्या नोंदीच्या, आधारे मागच्या १८० दिवसांचा वापर त्यासाठी धरला जाई. दोनच वर्षांनी एली परायझर या अमेरिकी लेखकाने यासाठी वापरलेला 'फिल्टर बबल' हा शब्द सर्वतोमुखी झाला, आणि प्रत्येक जण आपापल्या बुडबुड्यात अडकला आहे अशी समजूत पक्की झाली. प्रत्यक्ष मोजणी केली ती अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गूगलच्या निकालांपैकी सरासरी ११.७ टक्के निकालांत माणसागणिक फरक आढळला, आणि त्याचं मोजता येण्याजोगं कारण दोनच गोष्टींत सापडलं: खात्यात लॉग-इन असणं आणि आयपी पत्त्यावरून कळणारं ठिकाण. अभ्यासाला बरीच वर्षं झाली, त्यानंतर गूगलही खूप बदललं, त्यामुळे तो आकडा आजचा म्हणून धरू नका. पण फरकाचा मोठा वाटा ठिकाणाचा, हे सूत्र अजून लागू पडतं. गूगलचं स्वतःचं म्हणणंही साधारण तेच आहे.

त्याच अभ्यासातली एक बारकाई तुमच्या कामाची आहे. एक शोध घेतला आणि लगेच दुसरा घेतला, तर पहिल्याची छाया दुसऱ्यावर पडते. ती सुमारे दहा मिनिटं टिकते असं त्यांना दिसलं, म्हणून ते दोन शोधांमध्ये ११ मिनिटं थांबत. भावाने आधी टॉनिकचं नाव शोधून मग लगेच 'फळगळ उपाय' टाकलं असेल, तर दुसऱ्या यादीत टॉनिक डोकावणारच.

मुलीचं इन्कॉग्निटोबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्या खिडकीत तुमचं खातं नसतं, जुन्या कुकी नसतात. पण आयपी पत्ता तोच राहतो, म्हणून ठिकाणही तेच राहतं. वायफाय आणि मोबाइल डेटा हा फरक तिथे जसाच्या तसा आला. शिवाय इन्कॉग्निटोच्या सगळ्या टॅब मिळून एकच बैठक धरली जाते. एका टॅबमध्ये सकाळी काही शोधून ती तशीच उघडी ठेवली, तर दुपारी उघडलेली नवी टॅबही त्याच बैठकीतली. सगळ्या टॅब बंद केल्या तरच पाटी कोरी होते. आणि तिथे शिरून जीमेल उघडलं तर खातं पुन्हा आलंच. तेव्हा इन्कॉग्निटोमध्ये दिसतं ते 'खरं' नव्हे, त्यात तुमच्या खात्याची भर नसते एवढंच. सगळ्यांना सारखी दिसणारी एखादी मूळ यादी कुठेतरी ठेवलेली आहे आणि ती आपल्यापासून लपवली आहे, अशी कल्पना असेल तर ती सोडून द्या. तशी यादी नसते. एकाच माणसाने, एकाच मिनिटाला, एकसारख्या दोन फोनवर तोच शोध घेतला तरी एखाद-दुसरी लिंक खालीवर होते, कारण उत्तरं वेगवेगळ्या सर्व्हरवरून येतात आणि कंपनीचे लहानसहान प्रयोग सतत चालू असतात.

फरक कशामुळे पडला हे शोधायचं असेल तर पुढच्या वेळी भाऊ आला की अशी तुलना करा. दोन्ही फोन घरच्या वायफायवर घ्या. क्रोममधल्या इन्कॉग्निटोच्या सगळ्या टॅब बंद करून एकच नवी उघडा. 'ठिकाण वापरू का' असं विचारलं तर दोघंही नको म्हणा. शोधायचे शब्द तुम्ही लिहा आणि व्हॉट्सॲपवरून भावाला पाठवा. त्याने ते टाइप न करता चिकटवायचे, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा आणि मोकळ्या जागेचा प्रश्नच उरत नाही. दोघांनी एकदमच शोध घ्या. जाहिराती आणि व्हिडिओ सोडून पहिल्या दहा लिंक कागदावर उतरवा. दोन-तीन ठिकाणी फरक असेल तर त्याला काही अर्थ नाही, तेवढा असतोच. मग दहा-बारा मिनिटं थांबून एकच गोष्ट बदला: भावाचा फोन मोबाइल डेटावर टाका. पुन्हा उतरवा. परत थांबून दोघांनी आपापल्या खात्यात जाऊन तोच शोध घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच दोष कुणाचा ते कळतं. लोक खातं, जाळं आणि शब्द तिन्ही एकदम बदलतात, आणि मग गूगलने आपल्याला मुद्दाम लपवलं असं म्हणत बसतात.

चौथ्या वेळी दोन्ही फोन तसेच ठेवून फक्त शब्द बदला. आमची खात्री आहे की सर्वात मोठा फरक इथे दिसेल, आणि तुमच्या भावाचं खरं काम इथेच आहे.

'उपाय', 'औषध', 'टॉनिक', 'बेस्ट', 'हमखास' हे विकणाऱ्याचे शब्द आहेत. त्याच्या पानांवर आणि व्हिडिओंच्या नावांत हेच शब्द भरलेले असतात. सर्च इंजिन शब्दांची जुळणी करतं, म्हणून हे शब्द टाकले की विकणाराच पुढे येतो, मग तुमचं खातं कितीही कोरं असो. संशोधन करणारा माणूस 'उपाय' लिहीत नाही. तो 'फळगळ व्यवस्थापन' लिहितो, 'शिफारशी' लिहितो, 'फळगळीची कारणे' लिहितो. भावाने नुसता 'उपाय' काढून 'कारणे' टाकलं तरी यादीचा तोंडवळा बदललेला दिसेल.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे डोळ्यांना जे दिसतं ते लिहिणं. गळलेली दहा-वीस फळं हातात घेऊन पाहा. फळ बाहेरून स्वच्छ आहे, डाग नाही, छिद्र नाही, पिवळट पडून देठापासून सुटलं, आणि वाफ्यात पाणी साचलेलं होतं किंवा झाडावर भार फार होता, तर ती बहुधा झाडाच्या शरीरातल्या बिघाडाने झालेली गळ. काळ्या भारी जमिनीत सलग पाऊस झाला की मुळांना हवा मिळत नाही, आणि मग कितीही फवारलं तरी चर काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय फरक पडत नाही. देठाजवळून तपकिरी-काळं होत आत कुजत गेलं असेल तर बुरशी. जमिनीलगतच्या फांद्यांवरची फळं आधी जात असतील, त्यांच्यावर तपकिरी चट्टे आणि दमट हवेत पांढरी बुरशी दिसत असेल, तर संशय फायटोफ्थोरा या कूज आणणाऱ्या रोगजंतूवर जातो. फळावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, भोवती मऊ पडलेलं वर्तुळ, आणि दाबल्यावर रस येतो, तर रात्री सोंड खुपसणारा रसशोषक पतंग. फळ फोडल्यावर आत अळ्या निघाल्या तर फळमाशी.

आता शोध असा घ्या: 'संत्रा फळ देठाजवळ काळे पडून गळते', 'संत्रा फळावर बारीक छिद्र फळगळ', 'संत्रा बाग पाणी साचणे फळगळ'. या तीन शोधांच्या यादीत आणि 'संत्रा फळगळ उपाय'च्या यादीत पडणारा फरक तुमच्या दोघांच्या फोनमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असेल. इंग्रजीत शोधायचं असेल तर 'फ्रूट ड्रॉप'च्या सोबतीला 'नागपूर मँडरिन' हे इंग्रजीतून जरूर लिहा. नुसतं सिट्रस फ्रूट ड्रॉप टाकलं की फ्लोरिडाची पानं पुढे येतात. तिथे गळीचं मोठं कारण ग्रीनिंग हा रोग आहे, आणि हवामान-जमीन सगळंच वेगळं. ती पानं खोटी नाहीत, पण काटोलच्या बागेसाठी लिहिलेली नाहीत.

सरकारी आणि विद्यापीठाच्या पानांपुरतंच शोधायचं असेल तर त्यालाही सोय आहे. शब्द लिहून झाल्यावर एक मोकळी जागा सोडा, मग इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून कोलनची दोन टिंबं, आणि त्यांनाही चिकटून 'जीओव्ही डॉट इन', सगळं इंग्रजी अक्षरांत. कोलनच्या पुढे-मागे जागा सुटली की ही युक्ती चालत नाही; बहुतेकांची चूक इथेच होते. 'जीओव्ही'च्या जागी 'एसी' लिहून 'एसी डॉट इन' केलं तर विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची पानं येतात. दोन शब्द सलग त्याच क्रमाने हवे असतील तर दुहेरी अवतरणचिन्हात घाला. एखाद्या टॉनिकचं नाव सारखं आडवं येत असेल तर त्या नावाच्या आधी वजाचं चिन्ह लावा, चिकटवून. यातली प्रत्येक खूण कोणत्याही फोनवर, कोणत्याही खात्यात सारखीच चालते.

चौकटीतला उतारा आणि एआयचा सारांश यांच्याबाबत एक धोका नीट समजून घ्या. समजा बोर्डो या मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचं प्रमाण शोधलं आणि वर ठळक अक्षरांत आलं: १:१:१०. हे प्रमाण चूक नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, हा बोर्डो मलम आहे आणि तो खोडाला लावायचा असतो. फवारायचं ते एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. त्याला त्याच एक किलो मोरचूद आणि एक किलो चुन्यात १०० लिटर पाणी लागतं. मूळ पानावर 'मलम' हा शब्द वरच्या ओळीत होता आणि उतारा कापताना तो गळला, तर वाचणारा दहापट तीव्र द्रावण पानांवर फवारून बसेल आणि झाड करपवेल. अर्थात, ते द्रावण गाळणीतून उतरलं आणि पंप नीट राहिला तर. म्हणून जिथे आकडा आहे, तिथे सारांश वाचून थांबायचं नाही. लिंक उघडायची, आकड्याच्या वरचा आणि खालचा परिच्छेद वाचायचा, कशासाठी आणि कधी ते पाहायचं. एआयचा सारांश तर तोच प्रश्न दोनदा विचारला तरी शब्द बदलून येतो. त्याच्या शेजारी दिलेल्या लिंक हाच त्यातला कामाचा भाग.

कीटकनाशक असेल तर डब्यावरचं लेबल आणि सोबतचं माहितीपत्रक काढून संत्रा किंवा लिंबूवर्गीय पिकाचं नाव त्यावर आहे का ते पाहा. नसेल तर व्हिडिओत कुणीही काहीही सांगो, ते नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. हातात पंप असलेल्या माणसाला मिळणारी माहिती नीट असावी, याचा आम्हाला इतका आग्रह त्यासाठीच आहे.

आता भावाच्या फोनची थोडी साफसफाई. आपण शोधलेलं आणि आपल्यापुढे आपोआप आलेलं यांतला फरक पुष्कळांना कळत नाही. गूगलचं ॲप उघडलं की शोधाच्या चौकटीखाली जी कार्डं दिसतात ते 'डिस्कव्हर'. भावाने काहीही शोधलेलं नसताना ती येतात, आणि ती मुख्यतः त्याच्या आधीच्या वापरावर बेतलेली असतात. यूट्यूबचं पहिलं पानही तसंच. टॉनिकचे चार व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले की पाचवा, सहावा येतच राहतो, आणि 'सगळेच तर हेच सांगून राहिले' असं वाटायला लागतं. सगळे नाही सांगत. एकाच प्रकारचे लोक पुन्हा पुन्हा समोर येतात. अशा कार्डाच्या किंवा व्हिडिओच्या तीन टिंबांत 'स्वारस्य नाही' असा पर्याय असतो, तो आठवडाभर नेमाने वापरला तर फरक दिसतो. यूट्यूबच्या पाहिलेल्या व्हिडिओंच्या इतिहासातून ते चार व्हिडिओ काढून टाका. हा उपाय लवकर लागू पडतो. आणि व्हिडिओ सुरू होताना 'पेड प्रमोशनचा समावेश आहे' अशी पट्टी येते का यावर नजर ठेवायला सांगा. मात्र पट्टी नाही म्हणजे पैसे घेतलेले नाहीत, असं समजू नका.

खात्याच्या पातळीवर: गूगल खात्यात 'डेटा आणि गोपनीयता', त्यात 'वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी'. तिथे साठवण पूर्ण बंद करता येते, किंवा ३, १८ किंवा ३६ महिन्यांहून जुनं आपोआप पुसलं जाईल असं लावता येतं. २०२० नंतर उघडलेल्या नव्या खात्यांना १८ महिने मुळातच लावलेले असतात. भावाचं खातं त्याआधीचं असेल तर ते त्याला स्वतः लावावं लागेल. आमचा सल्ला ३ महिन्यांचा. पूर्ण बंद करू नका, कारण मग मॅपमध्ये नेहमीची ठिकाणं चटकन येणं वगैरे सोयी जातात, भाऊ वैतागतो आणि आठवडाभरात सगळं पुन्हा चालू करतो. एखाद्या शोधापुरतंच खात्याचं वजन काढायचं असेल, तर निकाल वैयक्तिक केलेले असतील तेव्हा पानाच्या तळाशी, ठिकाणाच्या आसपास, पर्सनलायझेशनशिवाय पाहण्याची लिंक येते. ती दाबा आणि दोन्ही याद्या ताडून पाहा. पोह्यांचं दुकान, पाऊस, बसची वेळ यासाठी पर्सनलायझेशन असू द्या. आजार, औषध, फवारणी, कायदा आणि निवडणूक, या पाच बाबतींत मात्र ते काढूनच पाहावं.

मुलगी डकडकगोचं नाव काढेल. २००८ सालचं हे सर्च इंजिन माणसाची नोंद ठेवत नाही. जाहिरात दाखवतं ती समोरच्या शोधातल्या शब्दांवरून. त्याच्या बऱ्याचशा लिंक मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. इंग्रजी शोधासाठी चांगलं आहे, मराठीसाठी गूगलइतकं कामाचं नाही असं आमचं मत. दुसरं मत घ्यायला जरूर वापरा, आणि तिथेही 'उपाय' टाकलंत तर विकणारेच येतील हे ध्यानात असू द्या.

राहिला फवारणीचा निर्णय. तो कोणत्याच फोनवरून घेऊ नका. भावाच्या हाताशी काटोललाच अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, आणि नागपुरात अमरावती रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. प्रवास जमत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक विनाशुल्क आहे, सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. केंद्रात जाताना त्याच सकाळी गळलेली पाच-सहा फळं आणि त्याच झाडावरची, देठ-पानांसकट तोडलेली पाच-सहा फळं सोबत घ्या, वेगवेगळी. वर्तमानपत्रात गुंडाळून कागदी पिशवीत न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटून वाटेतच बुरशी धरते, आणि बागेतली कूज कोणती आणि पिशवीतली कोणती हे मग सांगता येत नाही. कोणत्या तारखेला काय फवारलं, किती पाण्यात, आणि गळ कधीपासून सुरू झाली, हे एका कागदावर लिहून ठेवायला भावाला आजच सांगा.